आकडीची केस हातात घेताना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर तुझं नाव लागलं आणि पहिलीच फाइल आकडी येणाऱ्या बाईची आली, हे कळलं. सुरुवात कायद्यापासून करू की डॉक्टरांपासून, असं विचारतेस. त्याआधी तिला एकटीला बसवून विचार, तिला काय हवंय. सोबत आलेला भाऊ "नांदवायलाच पाहिजे" म्हणेल. त्याला चहाला पाठव. तिला कदाचित परत जायचंच नसेल. दागिने, मूल आणि औषधपाणी निघेल एवढी पोटगी, इतकंच हवं असेल. फीचा विषय तीच काढेल. 1987च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे तिला आधीच सांगून टाक.

मग नवऱ्याचा घटस्फोटाचा अर्ज वाच. त्यात आकडीचा आधार सरळ घेतलेला क्वचित दिसेल. 1976च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्मार, म्हणजे आकडीचा आजार, वेडाच्या शेजारी नेऊन बसवला होता. 1999मध्ये तो तिथून काढला. त्यामुळे आता अर्जात 'मनोरुग्ण' लिहितात आणि घटस्फोटाचं कलम 13 लावतात. पुरावा म्हणून काय जोडतात? जिल्हा रुग्णालयाचा केसपेपर, त्यावर मानसोपचार विभागाचा शिक्का. अनेक ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञ नसतो, म्हणून आकडीचा पेशंट तिथेच पाठवतात, एवढंच त्याचं कारण. शिवाय व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपिन ही औषधं आकडीवरही देतात, मानसिक आजारातही. डॉक्टरांच्या उलटतपासणीत या दोन गोष्टी तोंडून वदवून घे. अपस्मार हा मानसिक आजार नाही आणि असाध्यही नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023मध्ये म्हटलंय. तो निकाल जोडच.

खरी कसोटी पुढे आहे. "लग्नाआधी लपवलं." बहुतेक वेळा लपवलेलं असतंच. कांदा हुंगवणारे, चप्पल नाकाशी धरणारे आणि 'बाहेरचं' बघणारे चहूकडे असताना कुठला बाप स्थळासमोर आकडीचं नाव काढील? पण म्हणून "आम्ही सांगितलं होतं" असं खोटं शपथपत्र तिच्याकडून करून घेऊ नकोस. एका साक्षीदारात ते फुटतं आणि मग तिचं खरंही कोणी ऐकत नाही. त्यापेक्षा हिंदू विवाह कायद्याचं कलम 12, फसवून झालेलं लग्न रद्द करण्याबद्दलचं, शेवटपर्यंत वाच. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावरही नवरा राजीखुशीने तिच्यासोबत नांदला असेल तर तो मुद्दा संपतो. कळलं कधी, हे कागद सांगतात. दवाखान्यात नातेवाईक म्हणून सही कोणाची? गोळ्यांची बिलं कोणाच्या नावावर? सासूने नवस कधी बोलला, तेही विचार; हसू नकोस, बायकांना तारखा सणावारांनी आठवतात.

माहेरी आणून सोडली असेल तर घटस्फोटाच्या निकालाची वाट बघत बसू नकोस. घरगुती हिंसाचाराच्या 2005च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज टाक: सासरच्या घरात राहण्याचा हक्क, स्त्रीधन, खर्च. कलम 23 खाली अंतरिम आदेश मागायला विसरू नकोस. औषधांचा खर्च वेगळ्या ओळीत लिही. "बरी आहे हे दाखवायचंय" म्हणून कोणी गोळ्या बंद करायला सांगत असेल तर ताबडतोब थांबव. अचानक सोडलेल्या गोळीने जिवावर बेतू शकतं.

आणि सुनावणी बंद दालनात व्हावी म्हणून अर्ज दे, त्याच कायद्यात सोय आहे. भर कोर्टात तिच्या झटक्यांचं वर्णन गावच्या माणसांनी ऐकायची काही गरज नाही. तारखेच्या दिवशी आकडी आलीच तर तिला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही. शिपायालाही हे आधी सांगून ठेव.

लेखी उत्तराचा मसुदा पाठव. पण त्याआधी तिच्या पिशवीतले दवाखान्याचे सगळे कागद तारखेप्रमाणे लाव आणि त्याची यादी मला दे. मसुदा त्यानंतर बघू.

तुझी,
मॅडम