सगळं फायबर पॉलिमरचं नको, टोकापुरतं पुरे

तुमचा प्रश्न असा, की तापमान मोजायला काचेच्या फायबरमधलं ब्रॅग ग्रेटिंग (ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत फेकणारी, फायबरमध्येच कोरलेली जाळी) वापरलं, तर त्याचं शिखर, म्हणजे परत येणारी तरंगलांबी, १५५० नॅनोमीटरला तापमानाच्या अंशामागे जेमतेम १० पिकोमीटर सरकतं. मग सगळं फायबरच पीएमएमए या पॉलिमरचं (ॲक्रिलिक प्लास्टिकचं) का घेऊ नये? मी तरी घेणार नाही.

एक तर या तरंगलांबीला पीएमएमए प्रकाश गिळतं. मीटर सोडा, काही सेंटीमीटरमध्येच सिग्नल मरगळतो. आणि ते हवेतला ओलावाही पितं. एकदा मी पीएमएमए ग्रेटिंग स्थिर तापमानाला ठेवून घरी गेलो, सकाळी पाहतो तर शिखर हललेलं. दोन दिवस थर्मोकपलवर, म्हणजे तापमान दाखवणाऱ्या तारांच्या जोडीवर, संशय घेण्यात घालवले. बदलली होती ती खोलीतली आर्द्रता! तापताना फायबर सुकतं, गार होताना पुन्हा ओलावा घेतं, म्हणून चढतीचा आणि उतरतीचा आलेख जुळत नाही.

त्यापेक्षा प्रकाश काचेतून न्या आणि जाणवायचं काम पॉलिमरला द्या. सिंगल-मोड फायबरची (प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या बारीक गाभ्याच्या काचेच्या फायबरची) दोन टोकं समोरासमोर पक्की बसवा, मध्ये ५० मायक्रॉनची फट, तीत पीडीएमएस हे सिलिकोन रबर. फटीच्या दोन्ही कडांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये ठरावीक अंतरावर दऱ्या दिसतात; तापमान बदललं की त्या सरकतात. यात एक मेख आहे. पीडीएमएस तापलं की अपवर्तनांक घटतो आणि आकार वाढतो. उघड्या टोकावर नुसता थेंब लावलात तर जाडीतली वाढ ही घट जवळजवळ खाऊन टाकते. चहूबाजूंनी कोंडलंत तर घनताच कमी होत नाही, मग अपवर्तनांक घटणार कसा? म्हणून लांबी बांधलेली आणि बाजू उघडी हवी. मग दरी अंशामागे साधारण अर्धा नॅनोमीटर सरकते, म्हणजे काचेच्या ग्रेटिंगच्या पन्नासपट.

पण लगेच हुरळू नका. या फटीत दोन दऱ्यांमधलं अंतर सुमारे १७ नॅनोमीटर, म्हणजे ३४-३५ अंशांनी स्पेक्ट्रम पुन्हा तसाच दिसतो. इथे तुमचं ते 'मंद' ग्रेटिंग कामाला येतं. फटीच्या काही मिलिमीटर मागे, ताण येणार नाही असं सैल ठेवा. ते ढोबळ तापमान सांगेल, त्यावरून कितवी दरी ते कळेल, आणि बारीक आकडा पीडीएमएस देईल.

काच आणि पीडीएमएस यांच्या सीमेवरून परावर्तन फारच थोडं, दहा हजारात दोन-तीन भाग. त्यामुळे कनेक्टर आधी पुसा. मळक्या कनेक्टरचं परावर्तन याहून मोठं असू शकतं. पहिल्या काही तापण्या-निवण्यांची रीडिंग कॅलिब्रेशनमध्ये धरू नका, पॉलिमर तोवर बसत असतं.