आवाज नसलेली गाडी आणि रात्रीचा जालना रोड

प्रश्न : काका, मी वाळूज एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसरी पाळी असते, सुटेपर्यंत रात्रीचे साडेअकरा होतात. कंपनीची बस सिडको बसस्थानकावर सोडते, तिथून घर पंधरा मिनिटं चालत. माझा भाऊ नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची इलेक्ट्रिक बाईक मला देऊन गेला. स्कूटर नाही, 10 किलोवॅट-तासाची बॅटरी, 200 किलोच्या वर वजन, दीडशेच्या पुढे पळते असं भाऊ सांगतो. परवाना आहे, दिवसा चालवते. रात्री पाळीवरून येताना चालवावी का? आई म्हणते, "गाडीचं भ्या नाही, रातीचं हाय." मला मात्र रस्त्याची भीती नाही, गाडीचीच थोडी वाटते. वेग कळतच नाही.
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लेकी, "वेग कळतच नाही" हे तू लिहिलंस म्हणूनच तुला चालव म्हणतोय. ज्याला हे जाणवत नाही त्याच्या हातात मी अशा गाडीची किल्ली दिली नसती.

मोंढा नाक्याजवळ माझं गॅरेज आहे, 26 वर्षं झाली. पेट्रोलच्या गाडीचा वेग आम्ही सगळे कानानं मोजत आलो. इंजिन कण्हायला लागलं की गिअर बदलायचा, टाकीला ठेवलेल्या गुडघ्याला थरथर लागली की साठच्या वर गेलो हे बघायचीही गरज नाही. दोन वर्षांपासून मी स्वतः तुझ्यासारखीच गाडी चालवतो. पहिल्याच आठवड्यात, रात्री बाराच्या सुमाराला क्रांती चौकाच्या पुलावर चढलो. रस्ता मोकळा, वारा गार. मनात आलं, पंचेचाळीसवर असू. स्क्रीनकडे पाहिलं तर 78. पाठीतून घाम फुटला. त्यात गाडीची काही चूक नव्हती. 26 वर्षं मला वेग सांगणारा कान त्या रात्री रिकामा होता, एवढंच.

याचं कारण मोटरच्या स्वभावात आहे. पेट्रोल इंजिनाला जोर यायला आधी फिरावं लागतं, चार-पाच हजार फेऱ्यांवर गेलं की ते खरं ओढतं. इलेक्ट्रिक मोटरचा पूर्ण जोर पहिल्या फेरीपासून हजर असतो. ना क्लच, ना गिअर, ना मधला थांबा. मनगट थोडंसं वळलं की तीन-चार सेकंदांत साठ. दिवसा भोवतीच्या रिक्षा, बस, माणसं तुला वेग सांगतात. रात्री जालना रोडवर कोणीच नसतं, आणि पुलावर तर कडेला दुकानंही नसतात. म्हणून पहिला महिनाभर स्क्रीनवरचा आकडा दर दिव्याच्या खांबाला एकदा बघायचा. आणि सगळ्यांत हळू मोडवर चालवायची. ताकद आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं काही नाही.

आता एक हिशेब सांगतो, तो वहीत लिहून ठेव. 60 च्या वेगाला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. रस्त्यात काही दिसलं, डोक्यानं ओळखलं आणि बोटानं ब्रेक दाबला, यात दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 25 मीटर संपले. पुढं कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तेवढेच लागतात. झाले 50. बहुतेक गाड्यांच्या डिपरचा उजेड जवळजवळ तिथंच संपतो. म्हणजे साठनं जाताना उजेडाच्या टोकाला गाय बसलेली असली तर ती तुला दिसेल, पण तू थांबशीलच असं नाही. तोच वेग 40 ठेवलास तर सगळं मिळून 27-28 मीटरमध्ये थांबतेस. तुझा वीसेक किलोमीटरचा रस्ता साठनं गेलीस काय आणि चाळीसनं गेलीस काय, फरक दहा मिनिटांचा. ती दहा मिनिटं आईला सांगून ठेव, म्हणजे ती दारात ताटकळणार नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. तुला गाडी ऐकू येत नाही, तशी ती दुसऱ्यालाही ऐकू येत नाही. गेल्या हिवाळ्यात मकाई गेटच्या कमानीतून येत होतो. एक म्हातारे चाचा पाठमोरे, मधोमध चालत होते, हातात डबा. मी तिशीत होतो, वेग काहीच नव्हता. मला वाटलं ते सरकतील, कारण आयुष्यभर माझ्या गाडीच्या आवाजावर माणसं सरकत आलीत. ते सरकले नाहीत. हातभर अंतरावरून मी निघालो आणि ते दचकून भिंतीला टेकले. मी गाडी लावून परत गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मियाँ, आवाज तो देना था." त्या दिवसापासून चालणारा माणूस दिसला की मी लांबूनच एकदा डिपर देतो, मग हलका हॉर्न, आणि तो वळून बघेपर्यंत वेग चालण्याइतका. तूही तेच कर. मागून जवळ जाऊन जोरात हॉर्न दाबू नकोस. शांततेत दचकलेलं माणूस कुठल्याही बाजूला उडी मारतं. कुत्र्यांचंही तसंच. ती उशिरा उठतात आणि एकदम समोर येतात.

तुझ्या रस्त्याचं सांगतो. वाळूजजवळचं पंढरपूर ते नगर नाका हा महामार्ग आहे, तिथं ट्रकचा अप्पर डोळ्यांवर येतो. त्या क्षणी समोर बघायचं नाही, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची आणि वेग सोडायचा. आता उसाचा हंगाम सुरू झालाय. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. गोलवाडी फाट्याच्या आसपास अंधारात काळा चौकोन दिसला तर तो रस्ता आहे असं समजू नकोस. छावणीत झाडांखाली जपून. शहरात शिरलीस की पाण्याचे टँकर. ते गळत जातात, आणि सिमेंट रस्त्यावरची ती ओली रेघ दिव्याखाली चकाकल्याशिवाय कळत नाही. जलवाहिनीसाठी खणून बुजवलेल्या चरांवर खडी असते, तिथं ना ब्रेक, ना वळण, सरळ हळू पार व्हायचं.

आता गाडीच्या काही खोडी, ज्या शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही. ॲक्सिलेटर सोडला की मोटर उलट वीज तयार करायला लागते आणि गाडी आपोआप मंदावते. त्याची सवय लागते, आणि मग माणूस ब्रेककडे बोट नेतच नाही. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असली की ती वीज घ्यायला जागा नसते, आणि मंदावणं एकदम कमी होतं. काल जिथं ॲक्सिलेटर सोडून थांबत होतीस, तिथं आज गाडी पुढं सरकते. म्हणून चार्जिंग ऐंशी-नव्वदलाच थांबव. तुझं रोजचं जाणं-येणं चाळीस किलोमीटर, त्याला साधारण दोन युनिट लागतात; दोन दिवसाआड चार्जिंग केलंस तरी पुरतं. आणखी एक. रात्री भिंतीसमोर हळू चालवत नेऊन ॲक्सिलेटर सोडायचा आणि आईला किंवा शेजारणीला मागून बघायला सांगायचं, मागचा लाल दिवा लागतो का. लागत नसेल तर प्रत्येक वेळी मंदावताना ब्रेकला बोटाचा हलका स्पर्श दे, नाहीतर तू थांबतेयस हे मागच्या ट्रकला कळणारच नाही.

यू-टर्नला गिअरच्या गाडीत आपण अर्धा क्लच धरतो. इथं क्लच नाही, म्हणून मागचा ब्रेक किंचित दाबून ठेव आणि त्यावर ॲक्सिलेटर दे. गाडी झटका मारत नाही. कॅनॉटच्या गल्ल्यांत सकाळी लवकर याचा सराव कर. आणि गाडी ढकलायची असेल तर आधी किल्ली बंद. माझ्या गॅरेजमध्ये एका पोरानं चालू गाडी हँडल धरून मागं ओढली, मूठ वळली आणि गाडी त्याला घेऊन शटरला जाऊन धडकली. चालू आहे हे त्याला कळलंच नव्हतं. गुडघ्याला सात टाके पडले.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, काच पांढरी आणि ओरखडे नसलेली. जॅकेटला रिफ्लेक्टरची पट्टी शिवून घे.

आणि आईला हेही सांग. रात्री बसमधून उतरून पंधरा मिनिटं एकटीनं चालण्यापेक्षा दारापर्यंत स्वतःच्या गाडीवर येणं मला तरी बरं वाटतं. पहिले चार दिवस कोणीतरी गाडीवर तुझ्यामागं येऊ दे, कोणी नसलं तर मला कळव, मी येतो. मला या रात्री फार आवडतात. इंजिन नाही म्हणून बाकीचं सगळं ऐकू येतं: पाणचक्कीपाशी पाणी, छावणीतले रातकिडे, शहागंजात उशिरापर्यंत उघड्या हॉटेलात तव्यावर उलथनं वाजतं ते. आयुष्य या गावात गेलं, पण रात्रीचं गाव मला ऐकू आलं ते या दोन वर्षांत. तूही चाळीसनं आलीस तर तुलाही येईल.

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा आहे, अकरावीला. घरची इलेक्ट्रिक बाईक रात्री क्लासवरून येताना चालवतो. गिअर नाही, म्हणून चालतं असं त्याचे मित्र म्हणतात. खरं आहे का?
– एक पालक, नांदेड

उत्तर : नाही, दादा. परवाना आणि नंबरप्लेट न लागणारी इलेक्ट्रिक दुचाकी म्हणजे 250 वॉटपर्यंतची आणि ताशी 25 च्या पुढं न जाणारी. तुमची तशी नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. पण कायदा बाजूला ठेवा. वरच्या ताईला मी जो 50 मीटरचा हिशेब सांगितला, तो त्याला वाचून दाखवा. रात्री क्लास सुटायच्या वेळी तुम्हीच गाडी घेऊन जा, त्याला मागं बसवा, आणि येताना त्याला अंदाजानं सांगायला लावा, आत्ता वेग किती. मग स्क्रीन बघायची. तो किती चुकतो ते त्याचं त्यालाच दिसेल.