पोहे संपले, रवा संपला आणि इंग्रजीतलं ‘देअर’

प्रश्न : ताई, मुलगी चौथीत आहे. ‘देअर इज अ कॅट अंडर द टेबल’ याचं मराठी तिने ‘तिथे टेबलाखाली मांजर आहे’ असं लिहिलं, मीच तसं सांगितलं होतं, आणि बाईंनी ‘तिथे’वर लाल गोल केला. मग देअर म्हणजे तिथे नाही का? शाळेत जाऊन विचारायची लाज वाटते हो. (गृहिणी, बार्शी)

लाज कसली, आपण सगळे हेच पाठ करून मोठे झालोय. देअर दोन आहेत असं समजा. एक खरंच ‘तिथे’वालं, बोट दाखवून जोरात म्हणतो ते. दुसरं नुसतंच जागा अडवून बसलेलं. इंग्रजी वाक्याला सुरुवातीला कोणीतरी कर्ता बसलेला लागतो, नसेल तर ते कोणालाही आणून बसवतात, ‘इट इज रेनिंग’मधलं इट तसलंच, तिथे पाऊस पाडणारं ते ‘इट’ कोण असं विचारलंत तर उत्तर नाही. खात्री करायची असेल तर ‘देअर इज अ शॉप देअर’ हे वाक्य बघा, ‘तिथे एक दुकान आहे’, यातलं तिथे म्हणजे शेवटचं देअर, पहिल्याचं मराठी करायचंच नाही.

आता गंमत सांगते. आपण हेच काम शब्दांची जागा बदलून करतो. ‘टेबलाखाली मांजर आहे’ म्हणजे अरे बापरे, घरात मांजर शिरलंय, नवीन बातमी. ‘मांजर टेबलाखाली आहे’ म्हणजे ज्या मांजराला तुम्ही शोधताय ते सापडलं. पहिल्याचं इंग्रजी ‘देअर इज अ कॅट अंडर द टेबल’, दुसऱ्याचं ‘द कॅट इज अंडर द टेबल’. म्हणून असल्या साध्या वाक्यात ‘देअर इज’नंतर बहुतेक वेळा ‘अ’ येतो, ‘द’ सहसा येत नाही. मुलीला ही दोन मराठी वाक्यं आधी बोलून दाखवा, नियम नंतर.

इज की आर, ते पुढे काय आलंय त्यावर. एक खुर्ची असेल तर इज, चार असतील तर आर. एक खुर्ची आणि दोन टेबलं असतील तर जे देअरच्या जवळ आहे ते बघायचं, ‘देअर इज अ चेअर अँड टू टेबल्स’. इंग्रज लोक बोलताना सर्रास ‘देअर्ज टू पीपल आउटसाइड’ म्हणतात, वेब सिरीजमध्ये ऐकाल, पण पेपरात लिहू नका, मार्क जातील.

प्रश्न : मराठीत ‘किती’ एकच, इंग्रजीत ‘हाऊ मच’ आणि ‘हाऊ मेनी’. मोजता येतं तिथे मेनी हे माहितीय, पण पैसे तर मोजतोच ना आपण, मग ‘हाऊ मेनी मनी’ का चूक? स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. (लातूर)

हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि दर वेळी मी स्वयंपाकघरात नेते. डबे उघडा. पोहे संपले, पण रवा संपला. गहू दळले, पण ज्वारी दळली. तांदूळ निवडले, पण शिजल्यावर भात झाला. ज्वारीचा दाणा काय गव्हापेक्षा मोजायला अवघड आहे का? नाही. भाषेने एकदा ठरवलं की हा ढीग आणि हे दाणे, विषय संपला. इंग्रजीनेही तसंच ठरवलंय, फक्त त्यांचे डबे वेगळे लागलेत. राइस ढीग, बीन्स दाणे. मटाराची तर वेगळीच कथा, पूर्वी ‘पीज’ हा राइससारखा ढीगच होता, लोकांना शेवटचा ‘ज’ अनेकवचनाचा वाटला, तो काढून त्यांनी एका दाण्याला ‘पी’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे चुकूनच शब्द तयार झाला.

तर मनी हा ढीग. मोजतो ते रुपये, नोटा, नाणी, म्हणून ‘हाऊ मेनी रुपीज’ बरोबर. आपले केस पांढरे ‘झाले’, त्यांचं हेअर ‘इज’. आपण चार सल्ले देतो, त्यांचा अ‍ॅडव्हाइस कायम एकवचनी, फार तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’. लगेज, फर्निचर, इन्फर्मेशन, न्यूज सगळे याच रांगेतले, त्यामुळे पाट्यांवरचं ‘फर्निचर्स’ वाचून मला दरवेळी ठसका लागतो. उलटंही आहे, आपली कात्री एक हरवते, त्यांच्या सिझर्स ‘आर’ हरवलेल्या. मात्र हॉटेलात ‘टू कॉफीज’ चालतं, आपण नाही का ‘दोन चहा’ म्हणत, तिथे कप मोजतोय.

अडलंच तर ‘अ लॉट ऑफ’ वापरा, ते दोन्हीकडे चालतं. एरवी साध्या होकारी वाक्यात मच तसंही अवघडल्यासारखं वाटतं, ‘आय हॅव मच मनी’ कोणी म्हणत नाही.

प्रश्न : क्लायंटला मेल केला ‘देअर आर फ्यू बग्ज’, म्हणजे थोडे बग्ज (सॉफ्टवेअरमधल्या चुका) आहेत. त्याचं उत्तर, ग्रेट, मग रिलीज करा! माझं काय चुकलं? (आयटीवाला, पुणे)

एक ‘अ’ खाल्लात. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत, नुसतं ‘फ्यू’ म्हणजे फारसे नाहीत. मराठीत तो ‘नाही’ उघड बोलावा लागतो, इंग्रजीत तो फ्यूच्या पोटातच असतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. लिटलचंही तेच. टाकीत ‘अ लिटल वॉटर’ असेल तर पटकन आंघोळ उरकून घ्या, ‘लिटल वॉटर’ असेल तर टँकरला फोन करा.

प्रश्न : लेस आणि फ्यूअर, दोन्ही म्हणजे ‘कमी’च, यात खरंच फरक करतात का हो? (कोल्हापूर)

लिहिताना करा, मोजता येतं तिथे फ्यूअर. पण हे काही वेदवाक्य नाही, रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने १७७० साली ‘मला फ्यूअर बरं वाटतं’ अशा अर्थाचं लिहिलं आणि पुढच्यांनी त्या आवडीचा नियम केला. ब्रिटनमध्ये यावरून इतकी कुरकुर झाली की टेस्को या तिथल्या सुपरमार्केटने २००८ मध्ये काउंटरवरची ‘टेन आयटम्स ऑर लेस’ पाटी बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ केली, भांडणच नको.

प्रश्न : ‘मला दोन भाऊ आहेत’ यात देअर आर येईल का? (सातवीतली वाचक, चिपळूण)

नाही गं, नात्याला ‘हॅव’. आय हॅव टू ब्रदर्स. तापालाही हॅवच, आय हॅव अ फीवर. जिल्ह्यांना मात्र दोन्ही चालतं, ‘देअर आर ३६ डिस्ट्रिक्ट्स इन महाराष्ट्र’ म्हण किंवा ‘महाराष्ट्र हॅज ३६ डिस्ट्रिक्ट्स’ म्हण. आणि चहा विचारताना ‘एनी टी?’ नको, ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणायचं, आपल्याला पाहुण्याने हो म्हणायला हवंय ना, म्हणून प्रश्न असूनही सम.