वीणा कुणाच्या हाती, पट्टी कुणाची? भजनी मंडळांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावात पुरुषांचे भजनी मंडळ जुने आहे. यंदापासून बायकाही सोबत बसतात. पण पेटी काळी १ ला धरली, म्हणजे तिच्या पहिल्या काळ्या सुराला सा मानला, की त्यांचा आवाज एकतर खाली दबतो, नाहीतर वर चिरकतो. ‘बायकांना जमत नाही’ म्हणून त्यांच्या हाती नुसते टाळ दिले जातात. (एक वाचक, ता. गंगाखेड)

उत्तर : जमत नाही असे नाही, पट्टी, म्हणजे सा धरायचा सूर, त्यांची नाही. बायकांची सोयीची पट्टी पुरुषांपेक्षा साधारण चार-पाच सुरांनी वर असते. काळी १ चा खालचा सा धरला तर मुखडाच ऐकू येत नाही, वरचा धरला तर कडव्यात आवाज फाटतो.

पेटी काळी ३ ला धरा. त्यासाठी नवा पखवाज लागत नाही. काळी १ ला लावलेली पुडी, म्हणजे पखवाजाचे कातडी तोंड, काळी ३ च्या पट्टीत पंचम बोलते आणि बहुतेक चालींना पंचम चालतो. मालकंसातल्या चालींना मात्र चालत नाही, कारण त्या रागात पंचमच नाही. तसा अभंग असेल तर काळी ४ घ्या. आता तीच पुडी मध्यम बोलेल, आणि मध्यम हा मालकंसाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर. पुडी सुरात लावायच्या हातोडीला हात न लावता काम होते.

पुरुषांना काळी ३ चे वरचे सूर जड जातात. म्हणून उंच कडवी बायकांनी उचलावीत, ध्रुपद, म्हणजे मुखडा, सगळ्यांनी मिळून म्हणावे. जुनी माणसे पहिले काही दिवस कुरकुर करतील. कान सरावेपर्यंत पट्टी बदलू नका. जनाबाईंच्या गावच्या परिसरात बायकांच्या वाट्याला नुसते टाळ यावेत हे आम्हाला मुळीच पटत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात पखवाजाच्या डाव्या पुडीला लावलेली कणीक कीर्तन संपायच्या आत सुटते. ज्वारीचे पीठ लावले तर? (सेलू)

उत्तर : ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, ते दोन थापांत गळून पडेल. गव्हाचेच पीठ घ्या, बारीक चाळलेले. मीठ-तेल घालू नका. तेलाने पकड जाते. पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळा आणि झाकून थोडी मुरू द्या. डाव्या पुडीच्या मधोमध आधी ओले बोट फिरवा, मग पुरीएवढी चकती कडेने दाबत बसवा, म्हणजे खाली हवा राहत नाही. हवा राहिली की कणीक सुटते. कणकेच्या वजनाने पुडीचा आवाज खाली येतो. डावीकडून उजव्या पुडीच्या सा च्या खालचा सा मिळेपर्यंत कणीक थोडी थोडी वाढवा. उन्हात ती वाळून हलकी होते आणि आवाज चढतो, म्हणून दर दोन अभंगांनंतर ओला हात फिरवा. संपल्यावर लगेच काढून पुडी पुसा. रात्रभर राहिलेली कणीक कातडे ओढते आणि तिच्या वासाने उंदीर पुडी कुरतडतात.

प्रश्न : सप्ताहात चोखोबांचे अभंग मोठ्या भक्तीने म्हणतात, पण खालच्या वस्तीतल्या कुणाला वीणा देत नाहीत. आम्ही काही तरुणांनी विचारले तर ‘प्रथा आहे’ म्हणतात. (जि. हिंगोली)

उत्तर : ही प्रथा वारकऱ्यांची नाही. सप्ताहभर वीणा खाली ठेवायची नाही, ती हातोहात जाते. देताना-घेताना दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. तिथे वय विचारत नाहीत आणि जातही विचारायची नसते. नामदेवांचा जिल्हा तुमचा. त्यांच्या पायरीजवळच, पंढरपूरला महाद्वारात, चोखोबांची समाधी आहे, देवळाच्या बाहेर. त्याच देवळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले. अस्पृश्यता तर राज्यघटनेच्या कलम १७ नेच बंद केली आहे. हे सगळे बैठकीत शांतपणे सांगा, पण नुसत्या बोलण्यावर थांबू नका. कागद घेऊन बसा.

वीणा धरायची पाळी म्हणजे पहारा. दोन तासांचा एक पहारा धरला तर दिवसाचे १२ आणि सात दिवसांचे ८४ पहारे होतात. वीणा घ्यायला तयार असलेल्या सगळ्यांची, बायकांसकट, नावे चिठ्ठ्यांवर लिहा आणि चिठ्ठ्या देवळात सर्वांसमोर उचला. चिठ्ठी न टाकता नुसती यादी केली तर रात्री २ ते ४ चे पहारे नेमके गरिबाच्या माथी येतात आणि कीर्तनाच्या वेळची वीणा मानकऱ्याकडे जाते. कीर्तनात वीणेकरी महाराजांच्या मागे, सगळ्या गावासमोर उभा असतो, त्यामुळे खरा अडथळा त्याच पहाऱ्यांना येईल. तिथे चिठ्ठी बदलू देऊ नका. फळ्यावर फक्त नाव लिहा, आडनाव नको.

वाढप्यांतही सगळ्या वस्त्यांतली माणसे घ्या. एका पंगतीत बसवले पण वाढायला ठरावीक घरांचीच पोरे, असे बऱ्याच ठिकाणी चालते. वर्गणी पायलीभर धान्य असो की हजार रुपये, आकडा स्पीकरवरून पुकारू नका.

आणखी एक. वस्तीतली बरीच घरे बौद्ध असतील, तर त्यांना सप्ताहात यायचे नसू शकते. तो त्यांचा निर्णय, त्यावरून रुसू नका. जेवणाचे आमंत्रण मात्र घरोघरी जाऊन द्या. आणि मंडळाचा पखवाज शिकवणीसाठी वर्षभर उघडा ठेवा. भीमजयंतीच्या गायन पार्टीतल्या पोरांना हात बसवायचा असेल तर त्यांनाही. आठवड्यातून दोन संध्याकाळ, एक तास, आधी आठ मात्रांचा भजनी ठेका. किल्ली कुणा एकाच्या घरी न ठेवता दोन वस्त्यांत दोन ठेवा.