‘मर्यादित करते’ की ‘निभाव लागत नाही’?

विचारणा अशी आहे: ‘हवामान आणि अन्न हे घटक आढळक्षेत्राच्या सीमेवर पक्ष्यांची संख्या मर्यादित करतात’ हे वाक्य व्याकरणात बसतं, तरी मराठी का वाटत नाही? दुसरं काय म्हणता येईल?

‘मर्यादित’ आपल्याला भेटतो तो सहकारी संस्थांच्या पाट्यांवर. पक्ष्यासाठी हाताशी असलेला प्रयोग म्हणजे ‘निभाव लागणे’. तो नुसता कानाला बरा नाही, नेमकाही आहे.

इंग्लंडमधला डार्टफर्ड वॉर्बलर घ्या. वटवट्यांच्या गोतावळ्यातला, जेमतेम दहा ग्रॅमचा पक्षी. स्पेन-फ्रान्समध्ये तो चांगला रुळलेला. दक्षिण इंग्लंड ही त्याच्या आढळाची उत्तरेकडची कड. बहुतेक वॉर्बलर हिवाळ्यात दक्षिणेला निघून जातात, हा मात्र तिथेच गॉर्सच्या काटेरी झुडपांत किडे-कोळी टिपत राहतो. १९६२-६३च्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे बर्फ हटला नाही. झुडपं झाकली गेली. दिवस आठ तासांचा, रात्र सोळा तासांची. एवढ्याशा अंगात रात्रभर जाळायला चरबी असून असून किती असणार? त्या हिवाळ्यानंतर देशभरात दहा-अकरा जोड्या उरल्या. पुढे हिवाळे सौम्य होत गेले आणि २००६च्या गणनेत हाच आकडा तीन हजारांवर गेला होता.

मग तो थंडीने मेला की उपासमारीने? मूळ वाक्यातला ‘आणि’ इथे फसवतो. थंडी अंगाचा खर्च वाढवते, त्याच वेळी बर्फ आवक बंद करतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये चिकडी पक्ष्यांवर झालेला, १९८८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. माणसांनी ठेवलेले दाणे ज्यांना मिळत होते, त्यांतल्या ६९ टक्क्यांनी कडक हिवाळा काढला. न मिळणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांनी. थंडी दोघांना सारखीच होती. (‘हिवाळा काढणे’ हाही अस्सल प्रयोग, तोही वापरा.)

आता ‘सीमा’. सीमा, हद्द, शीव म्हटलं की दगड रोवलेली रेघ डोळ्यांपुढे येते. पक्ष्यांचा आढळ असा एका रेघेवर तुटत नाही. तो विरळ होत जातो, एखाद्या वर्षी मागे सरतो, पुन्हा पुढे येतो. म्हणून मला ‘कड’ बरी वाटते.

तेव्हा: ‘आढळाच्या कडेला थंडी वाढली आणि खाणं आटलं, की पक्ष्यांचा निभाव लागत नाही.’ शोधनिबंधाच्या तक्त्यात ‘मर्यादक घटक’ खुशाल ठेवा, तिथे तो पारिभाषिक शब्द आहे.