जपानमध्ये शिकत असताना मित्रांसोबत एका दिवसात फिरून येण्यासारखं ठिकाण कोणतं? तुमचा अनुभव सांगाल का?

टोकियोत राहत असाल तर डोळे झाकून कामाकुरा-एनोशिमा, टोकियोच्या दक्षिणेला समुद्रकाठी. एका दिवसात क्योटो करून येऊ असं डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका, शिनकानसेनचं (म्हणजे बुलेट ट्रेनचं) नुसतं जायचं भाडंच तेरा-चौदा हजार येन होतं आणि आठवड्याला 28 तासांच्या अरुबाइतोवर (म्हणजे पार्टटाइम हो) जगणाऱ्यांना ते झेपत नाही. आम्हाला तरी नव्हतं झेपत.

मी ताकादानोबाबाजवळच्या एका भाषाशाळेत होते. वर्गातलेच आम्ही निघालो, मी नाशिकची, एक नेपाळी पोरगा, दोघी व्हिएतनामी मैत्रिणी आणि कोलंबोचा एक जण जो वयाने मोठा म्हणून सगळे त्याला दादाच म्हणायचे, म्हणजे मी म्हणायला लागले आणि मग बाकीच्यांनीही उचललं. आपसात बोलायची भाषा एकच, मोडकंतोडकं जपानी. डिसेंबरचा रविवार होता, थंडी कडक पण आकाश एकदम स्वच्छ.

टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून ओदाक्यू रेल्वेलाइनने फुजिसावा साधारण तासाभरावर आहे. तिकडे जायचा एनोशिमा-कामाकुरा फ्रीपास मिळतो, शिंजुकूहून जाणंयेणं आणि दिवसभर एनोदेनमध्ये (तिथल्या छोट्या लोकल गाडीत) कितीही वेळा चढा-उतरा, आम्हाला तो दोन हजार येनच्या आत पडला होता, आताचा दर निघायच्या आधी बघून घ्या. रोमान्सकार या खास एक्सप्रेस गाडीला वरून वेगळे पैसे पडतात, त्या नादाला लागू नका, साधी जलद गाडी पुरते.

खरी मजा एनोदेनची आहे. फुजिसावा ते कामाकुरा जेमतेम 10 किलोमीटरची लाइन, 1902 साली सुरू झालेली, आणि गाडी लोकांच्या घरांना इतकी खेटून जाते की गॅलरीत वाळत घातलेले मोजेसुद्धा दिसतात. कोशिगोएला तर रूळ सरळ रस्त्यात येतात आणि मोटारी बाजूला थांबतात. मग एकदम घरं संपतात आणि समुद्र. फुजिसावाहून येताना उजवीकडची खिडकी पकडा. कामाकुराकोकोमाए स्टेशनच्या फाटकापाशी एका ॲनिमेमुळे फोटोवाल्यांची जत्रा असते, आम्ही खिडकीतूनच बघितलं, उतरलो नाही आणि काही बिघडलं नाही.

सकाळी आधी हासे स्टेशनला उतरून दाइबुत्सु, म्हणजे मोठा बुद्ध, करा, कारण देवळं संध्याकाळी साडेचार-पाचलाच बंद होतात. ही अमिताभ बुद्धाची कांस्यमूर्ती, ओतायला सुरुवात 1252 मध्ये, उंची 11 मीटरच्या वर. पूर्वी तिच्यावर लाकडी मंदिर होतं, ते गेलं आणि गेली पाचेकशे वर्षं बुद्ध उघड्यावरच बसलाय, ऊन पाऊस सगळं अंगावर घेत. मूर्ती आतून पोकळ आहे आणि 50 येन दिले की आत जाता येतं, जाच. आत अंधार, डोकी सांभाळून चालायचं, पण भिंतींवर एकावर एक ओतलेल्या थरांचे जोड स्पष्ट दिसतात, कुठलं काम कुठे संपलं आणि पुढचं कुठून सुरू झालं हे बोट लावून सांगता येतं. मला बाहेरच्या शांत चेहऱ्यापेक्षा हे आतलं जास्त आवडलं.

त्याच आवारात एक शिलालेख आहे ज्याच्याकडे बहुतेक लोक बघतही नाहीत. दादा मात्र तिथेच थबकला. तो श्रीलंकेच्या जयवर्धने यांच्या स्मरणार्थ आहे. 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत त्यांनी 'वैराने वैर शमत नाही' हे बुद्धवचन सांगून जपानकडून युद्धाची भरपाई घ्यायला नकार दिला होता, पुढे ते राष्ट्राध्यक्षही झाले. दादा आम्हाला हे आपल्या तुटक्या जपानीत सांगत होता तर शेजारचे एक जपानी आजोबा ऐकत उभे राहिले, आणि त्यांनी वाकून त्यालाच थँक्यू म्हटलं. दादाला काय बोलावं सुचेना, तोही वाकला, आजोबा परत वाकले, असं बराच वेळ चाललं.

दुपारनंतर एनोशिमा. बेट आहे पण पुलावरून चालत जाता येतं. वर न्यायला पैसे देऊन सरकते जिने आहेत, ते फक्त वरच नेतात, खाली आणत नाहीत, आम्ही आपले पायऱ्यांनी गेलो. वरच्या देवळात बेन्झाइतेन आहे, म्हणजे आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथवर आलेली. तिथे तिच्या दोन मूर्ती आहेत, एक आठ हातांची, शस्त्रं घेतलेली, आणि दुसरी वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य वाजवणारी, तीही विवस्त्र. दसऱ्याला पाटीवर एक-एक आकडे जोडून सरस्वती काढणाऱ्या माझ्यासारखीला जरा गडबडायला झालं, पण गाणंबजावणं करणारे लोक मनापासून पाया पडत होते. नेपाळ्याने खिशातून पेन काढून देवीसमोर धरलं, पुढच्या परीक्षेसाठी. कुणीच हसलं नाही, उलट आम्हीही आपापली पेनं काढली.

दोन गोष्टी सांगून ठेवते. एक, तिथे घारी फार. पाट्या लावलेल्या असतात पण कोण वाचतंय, व्हिएतनामी मैत्रिणीच्या हातातली ओनिगिरी (भाताचा गोळा) घारीने मागून येऊन अशी उचलली की तिला फक्त वारा लागला. खायचं ते आडोशाला, भिंतीला पाठ लावून. दुसरं, डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा बेटाच्या मागच्या खडकांवर चारपर्यंत पोचा, हवा स्वच्छ असेल तर समुद्रापलीकडे फुजी दिसतो. आम्हाला दिसला.

खाण्याचं म्हणाल तर शिरासु म्हणजे इवलेसे मासे घातलेला भात इथली खासियत, कच्चे हवे असतील तर जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत मासेमारी बंद असते हे लक्षात ठेवा. अख्खं ऑक्टोपस तापल्या लोखंडात दाबून ताटाएवढा पापड करून देतात, त्याला रांग मोठी पण खाणाऱ्यांनी खाऊन बघाच. शाकाहारी असाल तर मात्र कठीण आहे, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. सकाळी स्टेशनवरच्या कोन्बिनीतून (छोट्या दुकानातून) उमे म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेल्या ओनिगिरी घेऊन निघा, आणि कचऱ्याला एक पिशवी, डबे कुठेच सापडत नाहीत.