ठासणीची की चकमकीची?

प्रश्न आहे, जुन्या इंग्रजी शिकारी बंदुकांवरचा मजकूर मराठीत लिहिताना ‘फ्लिंटलॉक’ला ‘ठासणीची बंदूक’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. ठासणी हा बंदूक भरण्याचा प्रकार आहे: दारू, बोळा, छर्रे नळीच्या तोंडातून घालायचे आणि गजाने ठासायचे. बार पेटतो कसा, हे त्या शब्दात येत नाही. तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी बंदूकही ठासणीचीच असते. कोकणात शेतराखणीसाठी परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक तर टोपीवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या मसाल्याच्या छोट्या कॅपवर उडते, तिथे गारगोटीचा संबंधच नाही. म्हणून फ्लिंटलॉक ती ‘चकमकीची बंदूक’.

हिच्यात घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाच्या जबड्यात गारगोटी आवळलेली असते. चाप ओढला की ती पोलादी झडपेवर आपटते, झडप पुढे उलटते, ठिणग्या पडून वाटीतली रंजक (पेटवणीची चिमूटभर दारू) पेटते आणि तो जाळ नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आतल्या दारूला लागतो. एवढ्या सगळ्याला लागणारा क्षणभराचा वेळ सैनिकाला परवडे. उडत्या पाखरावर नेम धरणाऱ्याला तो नडायचा. शिकारी बंदुकीत ज्या सुधारणा झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा हा क्षण वाचवण्यासाठी. लंडनच्या हेन्री नॉक या बंदूक बनवणाऱ्याने 1787मध्ये नळीच्या बुडाच्या नव्या रचनेचं पेटंट घेतलं. जाळ आता दारूच्या मधोमध शिरू लागला, दारू झटकन जळू लागली आणि चार-चार फुटी नळ्यांची गरज उरली नाही. नळ्या आखूड, हलक्या झाल्या म्हणून तर शेजारी-शेजारी दोन नळ्यांची दुनळी खांद्याला पेलू लागली. जोसेफ मॅन्टन या दुसऱ्या इंग्रज बंदूककाराने तिला जो डौल दिला, तो आजच्या दुनळीतही दिसतो.

एक खोड मात्र गेली नाही. रंजकीचा भपकारा पाहून पाखरं छर्रे पोचायच्या आत वळायची. याला वैतागून अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेट घेणारं मिश्रण वापरलं आणि 1807मध्ये त्याचं पेटंट घेतलं. (पाद्रीबुवांना शिकारीचा भारी नाद!) पुढे तांब्याची टोपी आली आणि कित्येक चकमकीच्या बंदुका टोपीवर उडणाऱ्या करून घेतल्या गेल्या.

तेव्हा मजकुरासोबत चित्र असेल तर घोडा पाहा. गारगोटी आवळायला स्क्रूचा जबडा असेल तर चकमकीची लिहा, नुसता हातोडीसारखा असेल तर टोपीची. ‘ठासणीची’ हे विशेषण दोन्हींना लावता येईल.